जपानी घरचे साधे जेवण आणि आकुर्डीचे ताट

देहूहून निघालेली श्रीतुकोबारायांची पालखी पंढरीच्या वाटेवर आकुर्डीच्या विठ्ठलमंदिरात मुक्कामास राहते, हे वारकऱ्यांस सांगावयास नको. एके काळी आकुर्डी हे शेतकऱ्यांचे गाव होते. पश्चिमेस मावळचा भात आणि पूर्वेस बाजरी-ज्वारीचा मुलूख, अशा दोन अन्नांच्या सीमेवर ते वसलेले. पुढे काळ पालटला. १९५४ साली शेजारच्या पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि त्याच सुमारास बजाज ऑटोच्या कारखान्यामुळे आकुर्डीचे नाव देशभर गेले. या कंपनीने जपानच्या कावासाकी कंपनीशी तांत्रिक सहकार्याचा करार केला व १९८६ साली दोन्ही नावे धारण करणारी मोटारसायकल रस्त्यावर आली. त्यानंतर चाकण-तळेगावच्या पट्ट्यात जपानी कंपन्यांचे कारखाने निघाले, जपानी अभियंते या भागात राहू लागले, आणि इकडील तरुण जपानी भाषा शिकून तिकडे प्रशिक्षणास जाऊ लागले. परका मनुष्य आला की त्याचे अन्न त्याच्या पाठोपाठ येते, असा जगाचा नियम आहे. जपानी जेवणाविषयीचे कुतूहल या औद्योगिक नगरीतील घरांतून निर्माण झाले, त्यात म्हणून नवल नाही.

परंतु हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. ज्या पिढीने कारखान्यात उमेदवारी केली, ती आज पन्नाशीच्या आसपास आहे. मुले शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी दूर गेली. घरात यजमान आणि गृहिणी असे दोघेच उरले. अंगमेहनत कमी झाली, बैठे काम वाढले. ताटातील वाढ मात्र शेतावर राबणाऱ्या वडिलांच्या काळची राहिली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असल्याचा अंदाज निघाला. अशा स्थितीत दीर्घायुषी म्हणून गाजलेल्या जपान्यांच्या जेवणाकडे प्रौढ दांपत्यांची दृष्टी वळावी, हे स्वाभाविक होय. मात्र ते जेवण प्राचीन, निर्दोष आणि जसेच्या तसे उचलण्याजोगे आहे, अशी जी समजूत रूढ आहे, ती इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही.

प्रथमतः या जेवणाची घडण पाहू. जपानी भाषेत त्याला ‘इचिजू-सान्साई’ म्हणतात; म्हणजे एक सार आणि तीन पदार्थ. भात व लोणचे यांचा उल्लेख या नावात नाही, कारण ती दोन्ही गृहीतच धरलेली असतात. समोर डाव्या हातास भाताचा वाडगा, उजव्या हातास साराचा, आणि पलीकडे तीन लहान पात्रे: एकात मासा किंवा तोफू, दुसऱ्यात शिजवलेली भाजी, तिसऱ्यात हिरव्या पाल्याचा किंवा समुद्रशैवालाचा एखादा प्रकार. आपल्या ताटातही मीठ, चटणी, कोशिंबीर डावीकडे आणि भाजी-आमटी उजवीकडे वाढण्याचा दंडक आहे. दोन्ही समाजांनी जेवणास जागेची शिस्त लावली. भेद एवढाच की आपल्याकडे ताट एक आणि वाढ पुनःपुन्हा. तिकडे पात्रे अनेक, परंतु प्रत्येकातील जिन्नस मोजका.

ही मांडणी मुरोमाची काळातील, म्हणजे चौदाव्या ते सोळाव्या शतकांतील, सरदारी मेजवान्यांच्या पद्धतीतून उतरत आली. सामान्य कुळवाड्यास ती शतकानुशतके परवडत नव्हती. पिकवलेला तांदूळ सारा म्हणून द्यावा आणि आपण जव, नाचणीसारखी भरड धान्ये व पाला यांवर गुजराण करावी, हीच तेथील खेड्यांची स्थिती होती. मांसाहाराच्या बाबतीतही परंपरा सरळ नाही. इसवी सन ६७५ मध्ये सम्राट तेम्मूने बौद्ध धर्माच्या प्रभावाखाली गाय, घोडा, कुत्रा, माकड व कोंबडी यांचे मांस वर्षाच्या ठरावीक महिन्यांत वर्ज्य केले. पुढे बाराशे वर्षे चतुष्पादांचे मांस बहुधा निषिद्धच मानले गेले; १८७२ साली सम्राट मेइजीने स्वतः गोमांस खाऊन तो निषेध मोडला. या दीर्घ काळात बौद्ध मठांनी ‘शोजिन’ नावाचे शाकाहारी पाकशास्त्र वाढवले. दोगेन नामक झेन आचार्याने १२३७ साली मठातील आचाऱ्याची कर्तव्ये सांगणारा एक लहानसा ग्रंथच लिहिला. तांदूळ निवडणे, पाण्याचा थेंब वाया न घालवणे, हीदेखील साधनाच आहे, असा त्याचा रोख आहे. मासळी न खाणाऱ्या वारकरी घरास जपानी स्वयंपाक परका वाटण्याचे कारण नाही, ते या परंपरेमुळे. तिचा रस्सा वाळवलेल्या समुद्रशैवालाचा आणि अळिंबीचा असतो, व तिचे बळ सोयाबीनमध्ये असते.

प्रौढ वयाच्या आहाराविषयी जपानात जो ग्रंथ सर्वांत अधिक वाचला गेला, तो काइबारा एक्केन याचा ‘योजोकुन’ होय. योजोकुन म्हणजे आरोग्यरक्षणाचा उपदेश. १६३० साली जन्मलेल्या या विद्वानाने तो १७१३ साली, ऐंशीचा पल्ला ओलांडल्यावर प्रसिद्ध केला. पोट पूर्ण भरण्याआधीच हात आखडावा, दहा भागांपैकी आठ भागांवर थांबावे, हा संकेत या ग्रंथामुळे घरोघर पोचला. एक्केनची पत्नी स्वतः विदुषी व सुलेखनात निपुण होती. दोघे मिळून प्रवास करीत. दोघांचा संसार, दोघांची प्रकृती आणि दोघांची पथ्ये यांच्या अनुभवातून हा ग्रंथ पिकला आहे. आपल्या आयुर्वेदानेही जठराचा काही अंश रिता ठेवण्यास सांगितलेच आहे. तथापि तत्त्व माहीत असणे आणि ते वाडग्याच्या आकारात उतरवणे या दोन गोष्टी भिन्न होत. जपानी घराने लहान वाडगा पत्करून ते तत्त्व रोजच्या व्यवहारात आणले.

एवढ्यावर हा इतिहास संपता तर त्यात शिकण्याजोगे थोडेच उरले असते. या जेवणाने माणसे मारलीही आहेत. एदो, म्हणजे आजचे तोक्यो, या राजधानीत पांढरा, कांडून शुभ्र केलेला तांदूळ प्रतिष्ठेचा झाला, आणि खेड्यातून आलेल्या माणसांच्या पायांस सूज येऊ लागली, हृदय अशक्त होऊ लागले. लोक त्यास ‘एदोचे दुखणे’ म्हणत. गावी परतून जाडेभरडे खाल्ले की ते बरे होई. हाच तो बेरीबेरी रोग. १८८२-८३ साली जपानी आरमाराचे ‘र्यूजो’ हे जहाज दीर्घ प्रवासास गेले असता ३७६ खलाशांपैकी १६९ जणांस या रोगाने ग्रासले व २५ जण दगावले. लंडनमध्ये वैद्यकशास्त्र शिकून आलेल्या ताकाकी कानेहिरो या आरमारी वैद्यास अन्नाचा संशय आला. त्याने हट्ट धरून १८८४ साली ‘त्सुकुबा’ हे जहाज त्याच मार्गाने, परंतु मांस, पाव आणि निराळा शिधा देऊन पाठवले. या खेपेस एकही मृत्यू झाला नाही. रोगाची बाधा मोजक्या खलाशांस झाली, आणि त्यांतील अधिकांश नवा शिधा नाकारणारेच होते. पुढे आरमाराच्या भातात जव मिसळण्याची प्रथा पडली व रोग जवळजवळ नाहीसा झाला.

ताकाकीची उपपत्ती चुकीची होती, हे विशेष. रोग प्रथिनांच्या अभावाने होतो असे त्याचे मत. वास्तविक तो कोंड्यात असणाऱ्या एका सूक्ष्म द्रव्याच्या अभावाने होत होता. १९१० साली सुझुकी उमेतारो याने ते द्रव्य कोंड्यातून वेगळे काढले. त्यासच पुढे ब-१ जीवनसत्त्व हे नाव मिळाले. परंतु उपपत्ती चुकली तरी मोजणी अचूक होती. भूसेनेच्या वैद्यांनी, ज्यांत प्रसिद्ध कादंबरीकार मोरी ओगाई हाही होता, या मोजणीकडे दुर्लक्ष केले. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात २७ हजारांच्या आसपास जपानी सैनिक बेरीबेरीने मेले. शत्रूची गोळी न लागता, पांढऱ्या भाताने एवढी माणसे गेली, ही गोष्ट कोणत्याही भातखाऊ समाजाने विसरू नये.

या आघातानंतर जपानात अन्न हा राष्ट्रीय विचाराचा विषय झाला. १९०८ साली इकेदा किकुनाए या रसायनज्ञाने समुद्रशैवालाच्या रश्श्यातील रुची कोणत्या द्रव्याची, याचा शोध लावला आणि तिला ‘उमामी’ हे नाव दिले. तेल-तूप थोडे असूनही सार रुचकर का लागते, याचे उत्तर त्यात होते. १९२० साली सरकारने पोषणसंशोधनाची संस्था स्थापन केली. स्वयंपाकघर हे अभ्यासाचे क्षेत्र होऊ शकते, ही दृष्टी त्याआधीच आली होती: १९०१ साली नारुसे जिंझो याने तोक्योत महिला विद्यापीठ काढले, तेव्हा त्यात गृहशास्त्राचा विभाग आरंभापासून होता. याच विद्यापीठाचे एक माहितीपत्रक पुण्याजवळच्या हिंगण्यास धोंडो केशव कर्वे यांच्या हाती पडले. १९१५ साली मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ साली ती प्रत्यक्षात आणली. त्या अभ्यासक्रमातही गृहव्यवस्था व आरोग्य यांना मानाचे स्थान मिळाले. १९२९-३० च्या परदेशप्रवासात अण्णासाहेबांनी जपानलाही भेट दिली. तात्पर्य, जपानी घराशी पुण्याचा संबंध मोटारसायकलीच्या आधी सत्तर वर्षे जडला, आणि तो विद्येच्या मार्गाने जडला.

याच कालखंडात जेवणाची बैठकही बदलली. पूर्वी प्रत्येकाचे जेवण स्वतंत्र पेटीवजा लहान पाटावर, ‘हाकोझेन’वर, मांडले जाई, घरातील मानाप्रमाणे पदार्थांतही भेद असे. विसाव्या शतकाच्या आरंभी घडीचे बुटके गोल मेज आले आणि सारे कुटुंब त्याभोवती बसू लागले. पती-पत्नींनी एकाच वेळी, एकाच मेजावर, सारखेच जेवणे, ही जपानी रीत समजली जाते. तिचे वय जेमतेम शंभर वर्षांचे आहे. आपल्याकडे पुरुषांची पंगत उठल्यावर बायकांनी जेवण्याची प्रथाही याच शतकात सुटत गेली. मागे राहिलेले संपवण्याची गृहिणीची सवय मात्र पुष्कळ घरांत अद्याप टिकून आहे, आणि प्रौढ वयात तिचा भार तिच्याच प्रकृतीवर पडतो.

दुसरे संकट मिठाचे. मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, शोयू नावाचे सोयाबीनचे काळे द्रावण, खारवलेली मासळी आणि लोणची, ही साऱ्या जेवणाची रुची. आणि या सर्वांत मीठ विपुल. उत्तरेकडील अकिता प्रांतात १९५० नंतरच्या काळात माणशी रोजचे मीठ २५ ग्रॅमहून अधिक भरत असे. परिणाम उघड होता: १९५१ पासून १९८० पर्यंत जपानातील मृत्यूंचे पहिले कारण मेंदूचा रक्तस्राव व पक्षाघात हेच होते. आज जगास आदर्श वाटणारे जेवण जेवूनच ही माणसे साठीच्या आत अंथरुणास खिळत होती.

याची दुरुस्ती कशी झाली, ते नागानो प्रांताच्या उदाहरणाने कळते. हा प्रांत डोंगराळ. समुद्र नाही, हिवाळा कडक, म्हणून नोझावाना या पालेभाजीचे खारे लोणचे तेथे बारमाही खाल्ले जाई. वाकात्सुकी तोशिकाझू हा वैद्य १९४५ साली तेथील साकू रुग्णालयात आला. खेड्यापाड्यांतून नाटके करून त्याने लोकांस आरोग्य शिकवले. या कार्यासाठी १९७६ साली त्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले. १९८० नंतरच्या दशकात प्रांतभर मीठ घटवण्याची मोहीम झाली. तिचा कणा होता सामान्य गृहिणींचा. स्वयंसेविका घरोघर जाऊन सारातील खारेपणा उपकरणाने मोजत, वाटीभर साराऐवजी भाज्या वाढवून सार कमी करण्यास सांगत, लोणच्यावर पुन्हा शोयू ओतण्याची सवय सोडवीत. १९९० साली नागानोच्या पुरुषांचे आयुर्मान देशात पहिले ठरले. २०१० साली तेथील स्त्रियाही पहिल्या आल्या. औषधांचा आणि उपचारांचा वाटा त्यात होताच. परंतु वाडगा मोजणाऱ्या बायकांचा वाटा कमी नव्हता.

२०१३ साली युनेस्कोने जपानी पारंपरिक आहारपद्धतीस मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. गंमत अशी की त्याच सुमारास खुद्द जपानात ती पद्धत घरांतून मागे पडत होती. घरात माणसे दोन, दोघेही कामावर. रोज तीन पदार्थ करणार कोण? २०१६ साली दोई योशिहारू या पाकशास्त्रज्ञाने एक पुस्तक लिहून सांगितले की घरच्या जेवणास एक सार व एकच पदार्थ पुरे. भात, भाज्यांनी भरलेले सार आणि थोडे लोणचे एवढ्यावर रोजचे जेवण होऊ शकते. या पुस्तकाचे तेथे मोठे स्वागत झाले. अनेक गृहिणींस आपल्या डोक्यावरील ओझे उतरल्यासारखे वाटले. मेजवानीचा नियम रोजच्या चुलीवर लादू नये, एवढाच त्याचा मथितार्थ.

आता या सर्वांचा आकुर्डीशी संबंध पाहावयाचा. सामग्रीसाठी दूर जाण्याचे कारण नाही. स्वातंत्र्योत्तर मुंबई राज्यात बोरिवलीच्या कोरा ग्रामोद्योग केंद्रात जपानी पद्धतीच्या भातशेतीचे प्रयोग झाले आणि १९५३ साली त्या पद्धतीचा देशभर प्रचार सुरू झाला: उंच वाफ्यावर रोप, थोडे बियाणे, ओळीत लावणी. भाताचे वाण मात्र इकडचेच होते. पुणे-लोणावळा लोहमार्गावर आकुर्डीहून थोड्याच अंतरावर असलेल्या वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने आंबेमोहोर-१५७ आणि आय.आर.-८ यांच्या संकरातून ‘इंद्रायणी’ हे वाण काढले. ते १९८७ साली प्रसारित झाले. हा भात मऊ, सुवासिक व किंचित चिकट होतो. त्याची शिते एकमेकांस धरून राहतात. जपानी वाडग्यात शोभेल असा भात मावळात पिकतो, आणि वरण-भात खाणाऱ्या घरात तो आधीच शिजत असतो. पांढऱ्या भाताचा धडा लक्षात घेऊन तो हातसडीचा किंवा कमी पॉलिशचा घ्यावा, अथवा त्यात जव, वरी मिसळावी, हे अधिक हिताचे.

सोयाबीनची कथा याहून बोलकी आहे. १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत महात्मा गांधींनी आश्रमीयांच्या आहारात सोयाबीनचे प्रयोग केले व त्यांची हकिकत ‘हरिजन’मध्ये दिली. १९३६ साली बडोदे संस्थानातील अन्नपाहणी अधिकारी एफ. एस. काळे यांनी सोयाबीनवर एक मोठा इंग्रजी ग्रंथ लिहिला, त्यात ३०० पाककृती दिल्या. त्या काळी हे धान्य महाराष्ट्रास नवखे होते. आज विदर्भ-मराठवाड्यात त्याची लाखो हेक्टर पेरणी होते, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याची अनेक वाणे काढली आहेत. परंतु दाणा तेलघाण्यास आणि पेंड पशुखाद्यास जाते. जो दाणा जपानी घरात तोफू होऊन ताटात येतो, तो आपल्या शेतातून ताटास वळसा घालून जातो. शहरात तोफू सहज मिळतो. पनीरप्रमाणे त्याची भाजी होते, आणि आमटीत त्याचे तुकडे सोडले तर यजमानांस ते कळतही नाहीत.

तेव्हा दोघांच्या घरचे जपानी वळणाचे जेवण म्हणजे महागड्या बाटल्यांची खरेदी नव्हे. चमचाभर, म्हणजे १५ मिलिलिटर, शोयूत सुमारे अडीच ग्रॅम मीठ असते. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसभरासाठी सांगितलेली ५ ग्रॅमची निम्मी मर्यादा तेथेच संपते. ज्याला रक्तदाब आहे त्याने आपले लोणचे व पापड ठेवून वर मिसो आणि शोयू घेतला, तर त्याने जपानचे गुण सोडून दोष तेवढे उचलले असे होईल. मूत्रपिंडाचा किंवा थायरॉइडचा विकार असणाऱ्याने समुद्रशैवाल व मिठाचे पर्याय वैद्यास विचारूनच घ्यावेत.

साधी योजना अशी होऊ शकते. इंद्रायणीचा एक लहान वाडगा भात. मुगाचे किंवा तुरीचे पातळ वरण, त्यात दुधी, मुळा, पालक, गाजर यांतील दोन-तीन भाज्या आणि चार तुकडे तोफूचे. काकडीची कोशिंबीर, मीठ न घालता लिंबू पिळून आणि तीळ भुरभुरून. मांसाहारी घरात आठवड्यातून दोन-तीन वेळा वाफवलेला किंवा भाजलेला बांगडा. लोणचे असावे, परंतु बोटाच्या पेराएवढे. भाकरी हवी असल्यास भात वगळावा. रात्रीचे जेवण लवकर आणि सकाळपेक्षा हलके. हे सारे अर्ध्या तासात होते, आणि दोघांपैकी कोणीही करू शकते. मुले घराबाहेर गेल्यावर स्वयंपाकाचे काम निम्मे होते. ते एकाच व्यक्तीकडे राहण्याचे कारणही तेव्हा संपते.

जपानच्या इतिहासाने सिद्ध केलेली गोष्ट एवढीच की चांगले जेवण पूर्वजांकडून तयार मिळत नाही. आरमाराने भात मोजला, नागानोच्या गृहिणींनी मीठ मोजले, आणि आजची घरे पदार्थांची संख्या मोजून कमी करीत आहेत. प्रत्येक वेळी परंपरेतील एखादी प्रिय गोष्ट थोडी सोडावी लागली. आकुर्डीच्या कारखान्यांतून ज्या पिढीने आयुष्यभर सुट्या भागांची मापे तपासली, तिने आपल्या ताटातील मीठ आणि भात एकदा काट्यावर ठेवून पाहावा. चार दिवसांचे आकडे कागदावर लिहून काढले, तर काय कमी करावयाचे ते कोणा परक्याने सांगण्याची गरज उरणार नाही.